चोरलं की बुडवलं?

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याच्या हार्ड डिस्कवर चार हजारांच्या आसपास गाणी आहेत आणि त्यातलं जवळपास एकही विकत घेतलेलं नाही. काही टोरंटवरून उतरवलेली, काही व्हिडिओची लिंक टाकली की एमपीथ्री काढून देणाऱ्या साइटवरची. मागच्या आठवड्यात मी त्याला तोंडावर ‘चोर’ म्हणालो. तो म्हणाला, ‘चोरीत कुणाची तरी वस्तू जाते. इथे कुणाचं काय गेलं? गाणं त्यांच्याकडे आहेच की.’ मला उत्तर सुचलं नाही. वर त्याने माझ्या कपाटातल्या, तरुणपणी रेडिओवरून भरलेल्या कॅसेटींकडे बोट दाखवलं. तेव्हापासून घरात अबोला आहे. ही चोरी आहे की नाही? आणि या चार हजार गाण्यांचं आता करायचं काय?
— एक वडील

उत्तर : तुमच्या मुलाचं निम्मं म्हणणं बरोबर आहे आणि ते तुम्ही आधी मान्य करावं. ती चोरी नाही. पण ‘चोरी नाही’वरून तो लगेच ‘म्हणजे काहीच नाही’वर उडी मारतो, तिथे तो चुकतो. तुम्ही ‘चोर’ या शब्दावर अडून राहिलात तर ही उडी त्याला सोपी जाते, कारण तो शब्द खोडून काढणं कठीण नाही.

कायद्यात चोरीला ठरीव अर्थ आहे. इंग्लंडच्या १९६८च्या थेफ्ट ॲक्टच्या पहिल्याच कलमात तो दिलाय : दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे आपलीशी करायची, आणि ती त्याला कायमची मिळू नये असा हेतू मनात असायचा. दोन्ही गोष्टी लागतात. या कायद्याखाली १९७०च्या दशकात एक प्रकरण झालं. लिव्हरपूलमधल्या एका विद्यार्थ्याच्या हाती परीक्षेच्या आधीच प्रश्नपत्रिकेचं प्रूफ लागलं. कागद ठेवून घ्यायचा त्याचा विचार नव्हता, वाचून जागेवर ठेवायचा होता. त्यामुळे कागदाच्या चोरीचा आरोप टिकण्यासारखा नव्हता, म्हणून कागदावरच्या माहितीच्या चोरीचा ठेवला गेला. न्यायालयाने सांगितलं, माहिती ही या कायद्याच्या अर्थाने मालमत्ता नव्हे. विद्यार्थी त्या आरोपातून सुटला. त्याने केलं ते योग्य होतं असं कुणी म्हटलं नाही. चोरीच्या व्याख्येत ते बसत नव्हतं, एवढंच.

गाण्यांच्या बाबतीत याहून थेट निकाल अमेरिकेत १९८५ साली लागला. एल्विस प्रेस्लीच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या बेकायदा तबकड्या काढून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवल्या जात होत्या. सरकारने त्यावर चोरीच्या मालाच्या वाहतुकीचा कायदा लावला. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो लागू होत नाही असं ठरवलं. कॉपीराइटचा भंग करणारा मालकाचा हक्क ओलांडतो, पण तो हक्क उचलून घरी नेत नाही, मालकाला त्याचा वापर करता येतच राहतो, असं त्यामागचं कारण. पुढे वाचताना एक गोष्ट ध्यानात राहू द्या. तबकड्या काढणं बेकायदा होतं याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो कुठला कायदा लावायचा याचा.

हे न्यायालयात तुमच्या मुलाच्या बाजूने झालं. आता भाषेकडे वळू, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे.

मराठीत आपण ‘चोरी’ हे नाम सैल वापरतो. वीजचोरी म्हणतो, करचोरी म्हणतो. पण क्रियापद लावून पाहा. ‘त्याने कर चोरला’ असं कुणाच्या तोंडी येत नाही. कर बुडवला, भाडं बुडवलं, मजुरी बुडवली असंच आपण म्हणतो. वस्तू चोरतात आणि येणं बुडवतात. चोरीला गेलेली वस्तू आधी धन्याकडे असते, नंतर नसते. बुडवलेली मजुरी मजुराच्या हातात कधी पडलेलीच नसते, तरी ती त्याचीच असते. ‘तुझ्याकडून काय काढून घेतलं?’ असं त्या मजुराला विचारलं तर त्याला दाखवायला काही नसतं, आणि तरीही त्याचं नुकसान झालंय हे तुम्हाला आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. ‘कुणाचं काय गेलं?’ या प्रश्नाचं उत्तर असं : होतं ते गेलं नाही, यायचं होतं ते आलं नाही.

गाण्याची खरी चोरी म्हणावी अशी गोष्ट वेगळीच आहे. एकाने बांधलेली चाल दुसऱ्याने स्वतःच्या नावावर खपवली की आपण ‘चाल चोरली’ म्हणतो. तिथे कर्त्याचं नाव जातं आणि ते कुणीतरी स्वतःला लावून घेतं. तुमच्या मुलाने तसं काही केलेलं नाही. म्हणून ‘चोर’ हा शब्द मागे घ्या. त्याने बुडवलंय असं म्हणा. ते त्याला खोडता येणार नाही.

बुडवणं म्हणजे काय हे लख्ख दाखवणारा प्रसंग पॅरिसमध्ये १८४७ साली घडला. एर्नेस्त बूर्जे हा गीतकार-संगीतकार ‘आंबासादर’ नावाच्या कॅफेत बसला होता आणि तिथे त्याच्याच रचना वाजवल्या जात होत्या. त्यासाठी त्याला कुणी विचारलं नव्हतं की छदाम दिला नव्हता. बिल आल्यावर त्याने ते द्यायला नकार दिला. तुम्ही माझं संगीत फुकट वापरता, मग मी तुमच्या पेयांचे पैसे का देऊ, असा त्याचा सवाल होता. कॅफेवाल्याचा तर्क तुमच्या मुलाच्या तर्काहून वेगळा नसावा : रचना बूर्जेकडे होत्याच, त्या वाजवल्याने संपल्या नाहीत. प्रकरण न्यायालयात गेलं आणि निकाल बूर्जेच्या बाजूने लागला. त्यातून १८५१ साली ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली. रचना वाजवल्याचे पैसे गोळा करून कर्त्यांना वाटणारी ती पहिली मोठी संस्था, आणि ती आजही चालू आहे.

पैसा हा या हक्काचा एक भाग झाला. दुसरा भाग संमतीचा. गाणं केव्हा बाहेर काढायचं, कुठल्या रूपात काढायचं, की काढायचंच नाही, हे ठरवणं कर्त्याकडे असतं. अर्धवट मिक्स झालेलं गाणं स्टुडिओतून फुटतं तेव्हा त्याला अजून किंमतच लागलेली नसते, तरी कलाकार कळवळतो. ते गाणं त्याने अजून आपल्या हातून सोडलेलं नसतं.

मुलगा आता म्हणेल, ‘चोरी नाही ना, मग विषय हलका झाला.’ तसं नाही. एखाद्याने दुकानातून दोन सीडी उचलल्या, म्हणजे साधारण चोवीस गाणी, तर ती किरकोळ चोरी धरली जाईल. अमेरिकेत एका महिलेने इंटरनेटवर चोवीस गाणी इतरांना खुली केल्याबद्दल ज्यूरीने २००७ साली तिला २,२२,००० डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे एका गाण्यामागे ९,२५०. फेरसुनावणीत हा आकडा १९ लाख २० हजारांवर गेला आणि अपिलांनंतर २०१२ साली पुन्हा मूळ २,२२,००० वर आला. तिथल्या कायद्यात प्रत्येक कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि मुद्दाम केलं असेल तर १,५०,००० पर्यंत भरपाईची तरतूद आहे. प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते सिद्धही करावं लागत नाही. आम्हाला हे आकडे अवाजवी वाटतात. पण ‘चोरी’ या सदरातून बाहेर पडलं म्हणजे सुटका झाली, हा समज यातून मोडतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ६३ खाली कैदेची आणि दंडाची तरतूद आहे, तीही चोरीच्या कलमांपासून वेगळी.

‘नुसतं डाउनलोड’ हा प्रकार देशोदेशी वेगवेगळा धरला जातो, त्यामुळे मित्रांनी सांगितलेल्या कायद्यावर त्याने विसंबू नये. स्वित्झर्लंडमध्ये स्वतःपुरतं गाणं उतरवून घेणं चालतं, स्रोत बेकायदा असला तरी. इतरांसाठी अपलोड करणं मात्र चालत नाही. नेदरलँड्समध्येही उतरवून घ्यायला अशीच मोकळीक होती. १० एप्रिल २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की खासगी प्रतीची सवलत बेकायदा स्रोताला लागू करता येणार नाही, आणि ती मोकळीक संपली. ब्रिटनची गोष्ट अधिक विचित्र आहे. स्वतः विकत घेतलेल्या सीडीवरून स्वतःसाठी प्रत काढण्याची परवानगी तिथे २०१४च्या ऑक्टोबरमध्ये मिळाली आणि २०१५च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्दही केली. एका देशात जो भंग आहे तो दुसऱ्या देशात नाही आणि त्याच देशात वर्षभराने पुन्हा आहे. चोरीच्या बाबतीत असं होत नाही. इथे मोजणी हक्काची चाललेली आहे आणि हक्काच्या सीमा कायदा आखतो, हे यावरूनही कळतं.

आता टोरंट. इथे तुमच्या मुलाला स्वतःचं यंत्र काय करतंय हे कदाचित माहीत नसेल. टोरंटमध्ये फाइल एकाच ठिकाणाहून येत नाही. तिचे तुकडे केलेले असतात. १०० एमबीचा अल्बम २५६ केबीच्या तुकड्यांत कापला तर ४०० तुकडे होतात. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या माणसांकडून येतो, आल्यावर त्याची खूण तपासली जाते, आणि पहिला तुकडा बरोबर निघाला की तुमचा संगणक तो दुसऱ्यांना द्यायला लागतो. अल्बम पूर्ण उतरायच्या कितीतरी आधी. उतरल्यानंतरही प्रोग्रॅम बंद केला नाही तर वाटप चालूच राहतं. ‘मी फक्त घेतलं’ हे टोरंटच्या बाबतीत म्हणूनच खरं नसतं. त्याने घेतलं तसं वाटलंही, आणि जवळपास सगळीकडे कायदा वाटपालाच जास्त कडक आहे. शिवाय ती फाइल देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या घोळक्यातल्या प्रत्येकाला इतरांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचा क्रमांक, दिसतो. हक्कधारकांसाठी लक्ष ठेवणाऱ्या कंपन्या त्याच घोळक्यात शिरतात आणि पत्ता, वेळ व फाइलची खूण नोंदवून ठेवतात. नोटीस आली तर ती इंटरनेटची जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याला येते. तुमच्या घरी ते नाव बहुधा तुमचंच असेल.

लिंकवरून एमपीथ्री काढून देणाऱ्या साइटींची अडचण वेगळी. तिथे वाटप होत नाही, पण व्हिडिओ साइटच्या अटी मोडल्या जातात, आणि जिथे संरक्षणाचं कुलूप फोडून आवाज काढलेला असतो तिथे कुलूप फोडणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. आणि हाती येतं ते मुळात निकृष्ट. व्हिडिओसोबतचा आवाज आधीच दाबलेला असतो, बहुधा सेकंदाला १२८ ते १६० किलोबिटच्या आसपास. साइट तो उघडते आणि पुन्हा दाबून ‘३२० किलोबिट’ असं लेबल लावते. फाइल फुगते, मिनिटाला सुमारे २.४ एमबी. पण पहिल्या दाबण्यात गेलेलं परत येत नाही आणि दुसऱ्या दाबण्यात आणखी थोडं जातं. डोळ्यांनी पाहायचं असेल तर ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा आणि ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालचे सूर खाली आणि उंच सूर वर दाखवणारं आवाजाचं चित्र, निवडा. ३२०चं अस्सल गाणं वर २० किलोहर्ट्झच्या आसपास पोचलेलं दिसतं. नावाला ३२० असलेलं बऱ्याचदा १६ किलोहर्ट्झपाशी सुरीने कापल्यासारखं सपाट तुटतं. झांजांची आणि हाय-हॅटची किणकिण तिथेच हरवते. सतरा वर्षांच्या कानांना हे ऐकूही येतं. तुमच्या आमच्या कानांना कदाचित येणार नाही.

पैसा कुणाचा बुडतो याबद्दल त्याच्याकडे आणखी एक मुद्दा असणार : ‘कलाकाराला तसंही काही मिळत नाही, सगळं कंपनी खाते.’ यात तथ्य आहे आणि ते नाकारू नका. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. रचनेचा वाटा गीतकार-संगीतकाराकडे जातो, ध्वनिमुद्रणाचा बहुधा कंपनीकडे, आणि कंपनीने गायकाला दिलेली आगाऊ रक्कम त्याच्या हिश्शातून वळती होईपर्यंत गायकाच्या हाती पुढचं काही पडत नाही. साथ करणाऱ्या वादकांना बऱ्याचदा त्या दिवसाचे ठोक पैसे मिळतात आणि विषय संपतो. युरोपने २०११ साली ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेलं, तेव्हा वाढीव वर्षांतल्या उत्पन्नातला २० टक्के हिस्सा अशा वादकांसाठी बाजूला काढायची अट घातली. त्यांना एरवी काय मिळतं याचा अंदाज त्या अटीवरूनच येतो. स्ट्रीमिंगही फार मोठा तारणहार नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्यावर एक वेळ मोजली जाते, आणि २०२४पासून ज्या ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही ऐकलं गेलेलं नाही त्याच्या ध्वनिमुद्रणाला तिथून काहीच मिळत नाही.

पण यावरून निष्कर्ष काय निघतो? मालक कामगाराला कमी देतो म्हणून मीही काही देणार नाही, असं म्हटल्याने कामगाराचा वाटा वाढत नाही. तो थोडा होता, आता शून्य झाला. वाटप अन्यायाचं असेल तर पैसा कर्त्याच्या जास्त जवळ पोचवण्याचे रस्ते शोधायचे. ते आहेत, पुढे सांगतो.

चार हजार डाउनलोड म्हणजे चार हजार विक्री बुडाल्या, असंही नाही. हा हिशेब कंपन्यांनी वर्षानुवर्षं मांडला आणि तो चुकीचा आहे. सतरा वर्षांच्या मुलाने चार हजार गाणी विकत घेतलीच नसती. फुकट होती म्हणून साठवली, त्यातली निम्मी त्याने एकदाही पूर्ण ऐकली नसण्याची शक्यता मोठी. ध्वनिमुद्रित संगीताचं जागतिक उत्पन्न १९९९च्या सुमाराला शिखरावर होतं. त्याच वर्षी नॅपस्टर ही एकमेकांच्या संगणकांवरची गाणी फुकट उतरवून घेण्याची सेवा आली आणि पुढची पंधराएक वर्षं घसरण चालू राहिली. पण त्याच काळात अख्ख्या सीडीऐवजी एकच गाणं विकत घेता येऊ लागलं, हेही घसरणीचं कारण होतं. किती टक्के कशामुळे, यावर अर्थशास्त्रज्ञांचं एकमत नाही. मुलाला एवढंच विचारा : या चार हजारांतली कुठली गाणी फुकट मिळाली नसती तर तू खरंच घेतली असतीस? साठ असोत की तीनशे, बुडालेलं तेवढं. तो आकडा त्याने स्वतः सांगितला तर तुम्ही सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त टिकेल.

तुमच्या कॅसेटींबद्दल त्याचा टोला योग्य आहे. रेडिओवरून भरताना तुम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने घरच्या टेपिंगमुळे संगीत मरतंय अशी मोहीम चालवली होती आणि कवटीच्या जागी कॅसेट काढून खाली हाडांची फुली मारली होती. संगीत मेलं नाही, हेही मुलगा तुम्हाला ऐकवेल. जर्मनीने आधीच, १९६५ साली, वेगळा मार्ग धरला होता : लोक घरी टेप करणारच, तर टेपरेकॉर्डर विकतानाच त्याच्यावर थोडं शुल्क लावायचं आणि ते कर्त्यांत वाटायचं. आम्हाला तो शहाणपणा वाटतो. तुमच्यात आणि मुलात फरक आहे तो प्रमाणाचा. कॅसेटची प्रत काढायला गाण्याइतकाच वेळ लागायचा, प्रतीच्या प्रतीत खरखर वाढत जायची, तिसऱ्या-चौथ्या हातात ती ऐकवेनाशी व्हायची. डिजिटल फाइलची हजारावी प्रत पहिलीसारखीच असते. फरक खरा आहे, पण तो जातीचा नाही हे त्याच्यासमोर कबूल करा. तुम्ही ते बोललात तर निम्मा अबोला तिथेच सुटेल.

आता त्या हार्ड डिस्कचं काय करायचं ते.

सगळ्यात आधी, आजच, टोरंटचा प्रोग्रॅम उघडून त्यातल्या सगळ्या नोंदी थांबवा आणि काढून टाका. नुसती खिडकी बंद केली तर तो बऱ्याचदा मागे चालूच राहतो. संगणक सुरू होताना तो आपोआप सुरू होत असेल तर तेही बंद करा. जुनं साठवलेलं वाईट, पण चालू असलेलं वाटप जास्त वाईट, आणि थांबवायला दोन मिनिटं लागतात. दुसरी गोष्ट, ती डिस्क कुणाला ‘कॉपी करून घे’ म्हणून देऊ नका. मुलाच्या मित्रांत ही पद्धत असेल तर ती इथे थांबायला हवी.

गाण्याच्या नावाने आलेल्या पण शेवटी ‘ईएक्सई’ असलेल्या फाइली शोधून न उघडता पुसा. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचा शेवट लपवलेला असतो, त्यामुळे ‘गाणं डॉट एमपीथ्री डॉट ईएक्सई’ ही फाइल साध्या गाण्यासारखी दिसते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून फाइलचे शेवट दिसू द्या, मग नजरेला पडतील.

मग छाटणी. चार हजार गाणी एकेक करून तपासायला बसू नका. चौथ्या दिवशी दोघंही कंटाळाल आणि सगळं होतं तसंच राहील. म्युझिक प्लेअरमध्ये ‘शेवटचं केव्हा वाजवलं’ हा रकाना लावा आणि वर्षभरात न ऐकलेलं सगळं एकदम पुसा. यात कुठलाही नैतिक पेच नाही. जे ऐकत नाही ते गेल्याने कुणालाही दुःख होत नाही, आणि ३२० किलोबिटच्या चार-चार मिनिटांच्या चार हजार गाण्यांनी अडवलेली सुमारे ३८ जीबी जागा बरीच मोकळी होते. रिसायकल बिन रिकामी करा. फोनवरच्या आणि क्लाउडवरच्या प्रती विसरू नका, तिथूनच त्या सिंक होऊन परत येतात.

उरलेल्यांतली बरीच ‘ट्रॅक ०३’ किंवा कुठल्याशा साइटच्या नावाची असतील. ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ हा मोफत प्रोग्रॅम आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतो आणि नाव, कलाकार, अल्बम भरतो. एका वेळी शंभर-दोनशे फाइली द्या, एकदम सगळ्या नकोत. लाइव्ह आवृत्ती आणि मूळ आवृत्ती यांत तो कधीकधी गफलत करतो, तेव्हा गाण्याची लांबी ताडून मगच सेव्ह करा.

नावं लागली की कुठलं गाणं कुठे मिळतं ते पाहता येतं. काही मुळातच मोफत द्यायलाच काढलेली निघतील. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखालची, म्हणजे कर्त्याने स्वतःच काही अटींवर मोफत वाटायला खुली केलेली, गाणी बिनघोर ठेवा, फक्त परवान्याची अक्षरं वाचा : ‘बीवाय’ म्हणजे नाव द्यायचं, ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी वापरायचं नाही, ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटायचं नाही. मुलगा व्हिडिओ करत असेल तर हे शेवटचं महत्त्वाचं आहे. या परवान्यांत चित्राबरोबर जुळवून गाणं लावणं हा बदलच धरला जातो, त्यामुळे ‘एनडी’ असलेलं गाणं घालून व्हिडिओ प्रसिद्ध करता येत नाही. फार जुनी ध्वनिमुद्रणं हक्कमुक्त झालेली असू शकतात, पण मुदत देशागणिक बदलते : युरोपीय संघात प्रकाशनापासून ७० वर्षं, भारतात ६०, आणि अमेरिकेत १९२३च्या आधीची ध्वनिमुद्रणं थेट १ जानेवारी २०२२ला मोकळी झाली. शिवाय ध्वनिमुद्रण मोकळं झालं तरी रचनेचा हक्क शिल्लक असू शकतो. म्हणून दोन्ही तपासायचे.

बाजारात मिळणारी गाणी स्ट्रीमिंगवर ऐकावी किंवा विकत घ्यावी आणि डिस्कवरची प्रत पुसावी. इथे कर्त्याच्या जवळ पोचण्याचा रस्ता येतो. कलाकार स्वतः जिथे विकतो तिथे आधी पाहा. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के साइट ठेवते आणि व्यवहाराचा खर्च वजा जाता उरलेलं विकणाऱ्याकडे जातं. शिवाय फ्लॅक स्वरूपातली फाइल मिळते, म्हणजे काहीही न गमावता दाबलेली, सीडीच्या मूळ आकाराच्या साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश. ती त्याची कायमची. स्ट्रीमिंगचं वर्गणीचं गाणं वर्गणी संपली की जातं, हेही त्याला सांगून ठेवा.

राहतात ती कुठेच न मिळणारी. कंपनी बुडाली, हक्क कुणाकडे ते कळत नाही, कुठल्याही सेवेवर नाव नाही. कायदा त्यांनाही सूट देत नाही. पण इथे कुणाचं येणं बुडतंय हे आम्हाला प्रामाणिकपणे दाखवता येत नाही आणि या गाण्यांवरून आम्ही मुलाला दोष देणार नाही. त्याने एक वेगळं फोल्डर करावं, वर्षातून एकदा त्यातली नावं शोधावी, एखादं विक्रीला आलं की घ्यावं. आणि कुणाला पुढे पाठवू नये. कलाकार हयात असेल आणि त्याचा संपर्क जाहीर असेल तर सरळ लिहून विचारावं. काही जण फाइल पाठवून देतात.

सगळं एका महिन्यात फेडायला त्याला लावू नका. त्याने सांगितलेली साठ किंवा तीनशे गाणी घ्या आणि महिन्याला दहा या गतीने त्याच्या खर्चाच्या पैशातून, हवं तर थोडे तुमचे घालून, विकत घ्यायला सुरुवात करा. पहिली दहा त्याला निवडू द्या. घेतली की अल्बमची श्रेयनामावली उघडा आणि बास कुणी वाजवला, ड्रम कुणाचे, ध्वनिमुद्रण कुणी केलं ही नावं दोघं मिळून वाचा. उतरवलेल्या एमपीथ्रीत ही नावं बहुतेक नसतातच.